तू भरलेली विहीर

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
मे २०२४

प्रिय सुयश,

'प्रिय' लिहिलं आणि पेन ठेवून आधी चहा टाकायला गेले. मधल्या वर्षांत तुझ्या नावाला मी काय काय विशेषणं लावली ती कागदावर घेण्यासारखी नाहीत, तेव्हा पत्राला जे लागतं तेच राहू दे. पत्ता तुझ्या आईनं, दमयंतीकाकूंनी दिला. तुझा नंबर मी तेव्हाच काढून टाकला होता आणि जुन्या ईमेलवर पाठवलेलं परत आलं, म्हणून उस्मानपुऱ्याला तुझ्या घरी गेले. काकूंना ओळखायला जरा वेळ लागला, मग त्यांनी हाताला धरून आत नेलं, अनंतरावकाकांच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसवलं आणि पोहे केले. काका गेल्याचं मला तेव्हाच कळलं होतं, आले नव्हते. त्याचा काकूंनी जाब विचारला नाही. पत्ता कशाला हवाय तेही विचारलं नाही. त्यांना आपल्या दोघांबद्दल पूर्वी काय वाटत होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता तो प्रश्नच मिटला. निघताना म्हणाल्या, त्याला फोनवर बोलायला वेळ नसतो गं, पत्र तरी वाचेल. बघ, वाचतोस का.

हे पत्र विहिरीबद्दल आहे. करमाडच्या, आमच्या. तू म्हणशील, हिचं अजून तेच चाललंय. व्हय, तेच चाललंय. तुझ्या त्या गेमच्या पॅकमध्ये ती एक फाइल होती, तू टाकलीस, मी काढायला लावली, तुझ्यापुरता विषय संपला. आमच्या घरात तो रोज सकाळी नव्यानं सुरू होतो, कारण अण्णांना आता बाकी काही आठवत नाही आणि विहीर तेवढी आठवते. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, माय त्याला नुसतं 'इसर पडलाय' म्हणते. जेवल्याचं विसरतात, मला कधी मोनिका म्हणून ओळखतात, कधी आत्याच्या नावानं हाक मारतात. परवा लिफ्टमध्ये आरशात बघून राम राम केला. यातलं हसण्यासारखं आम्ही हसून घेतो. विहिरीचं तसं करता येत नाही, आणि का येत नाही ते सांगायला मला मागल्यापासून सुरुवात करावी लागेल.

तुला कासवाची गोष्ट मी कधी सांगितली, आठवतंय? तेरा सालचा उन्हाळा होता. मुलींच्या हॉस्टेलात पाणी नव्हतं, बाथरूमसमोर बादल्यांची रांग असायची, आणि त्याच वेळी शहरात जिकडं बघावं तिकडं नवी इमारत उठत होती. आपण क्रांती चौकातल्या त्या टपरीवर बसलो होतो, चहा अर्ध्या पाण्याचा झालाय म्हणून तू टपरीवाल्याला छळत होतास. मी सुट्टीत गावी जात नाही म्हटलं तर तू म्हणालास, तुमच्याकडं तर विहीर आहे ना. शहरातल्या माणसाला वाटतं, विहीर आहे म्हणजे पाणी आहे. तेव्हा मी सांगितलं की आमच्याकडं नव्या विहिरीला पाणी लागलं की तिच्यात कासव सोडतात, ते पाणी साफ ठेवतं. आमच्या विहिरीतलं कासव आज्यानं पैठणहून ओल्या धोतरात गुंडाळून आणलं होतं. अण्णा लहान असताना त्यांच्या हातून पोहरा सुटला आणि त्याच्या पाठीवर पडला, तेव्हापासून पाठीच्या उजव्या कडेचा एक तुकडा गेलेला. आम्ही सगळी भावंडं कठड्यावर पोटावर पडून ती तुटकी कड दिसते का बघत मोठी झालो. त्या उन्हाळ्यात मोसंबी वाळली, मग विहिरीचा तळ लागला, आणि कासव गाळात रुतून बसलं. अण्णा कंबरेला दोर बांधून खाली उतरले, त्याला घमेल्यात घालून वर काढलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि चुलतभाऊ सोमनाथच्या मोटारसायकलवर मागं बसून पैठणला नेलं. धरणाचंही पाणी पार आत गेलं होतं. फुटलेल्या गाळातून पोतं छातीशी धरून चालत गेले आणि पाणी लागलं तिथं सोडून आले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, 'गेलं. माघारी वळून बी नाय बघितलं त्यानं.' आणि भाकरी न खाता झोपले.

ही गोष्ट मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती. कॉलेजात सांगायची तर आधी विहीर म्हणजे काय, गाळ म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं असतं, आणि मग कुणीतरी 'सो क्यूट' म्हटलं असतं. तू ऐकता ऐकता चहा थंड होऊ दिलास. मला वाटलं, या माणसाकडं ठेवली तर ती गोष्ट नीट राहील.

पुढं जमीन उद्योगात गेली. शेंद्र्याच्या पट्ट्यात तेव्हा सगळ्यांचीच जात होती, त्यामुळं त्याचं रडगाणं मी तुला तेव्हाही ऐकवलं नाही आणि आताही ऐकवत नाही. पोकलेननं मोसंबीची लाकडं झालेली झाडं उपटली आणि विहिरीत मुरूम लोटला. अण्णा बघायला गेले नाहीत. मी गेले होते. त्या आठवड्यात मी ती शेतीची गेम उघडली, तू मला शिकवलेली, आणि तिच्यात आमचं शेत बांधायला घेतलं. मॉड म्हणजे काय हे मी अण्णांना असं सांगितलं होतं की दुसऱ्यानं बांधलेल्या वाड्यात आपण आपली एक खोली काढायची, मालकाची ना नसते, उलट त्याला बरंच वाटतं. अण्णा म्हणाले, 'मंग त्या खोलीत कोन ऱ्हातं?' मी म्हटलं, कुणीही येऊन राहील. म्हणाले, 'येऊ दे की. पन खोली आपलीच म्हनायची.' त्यांच्या डोक्यात ते माझ्या आधी शिरलं होतं.

वर्षभर खपले त्या मॅपवर, गेममधल्या आमच्या शेतावर. दिवसा वाळूजला कंपनीत गाड्यांच्या पार्टची डिझाइनं काढायची, शिफ्टच्या बसमध्ये डोळे मिटून बांध कुठं वळतो ते आठवायचं, सुट्टीच्या दिवशी मायला आणि अण्णांना समोर बसवून विचारायचं. माय म्हणायची, 'आगं, चिंच इतकी जवळ नव्हती, तिच्या सावलीला बसलं की विहीर दिसत नव्हती.' मग चिंच सरकवायची. दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी गाववाला काहीतरी चूक काढायचा आणि मी दुरुस्त करून नवी फाइल माझ्या पानावर चढवायची. म्हणूनच सोबत 'आधी हे वाचा' नावाची फाइल ठेवली होती. त्यात तीन ओळी मराठीत, त्याच पुन्हा इंग्रजीत. फुकट आहे, खेळा. दुसऱ्या कशात मिसळून वाटू नका, इथूनच घ्या, कारण हे अजून बदलतंय. काही बदलायचं असेल तर मला विचारा. विहीर मी कोरडी ठेवली. ती आम्ही सोडली तेव्हा कोरडी होती. पाणी भरणं दोन मिनिटांचं काम होतं, एक आकडा बदलला की झालं, पण मला आमचं शेत ठेवायचं होतं, शेताचा फोटो स्टुडिओ नव्हता करायचा.

मग तुझा पॅक आला. मी तुझ्यावर अन्याय करणार नाही, त्यातलं जे खरं ते लिहिते. सोळा साल, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, आणि आपल्याकडच्या गावांत नेट म्हणजे झाडावर चढून मिळणारी गोष्ट होती. एखाद्या पोराला आपल्या भागातली गेम खेळायची तर चाळीस ठिकाणी जाऊन चाळीस मॉड उतरवायचे, प्रत्येक ठिकाणी आधी नागड्या जाहिराती, मग कुणाची फाइल जुनी, कुणाची नव्या गेमला चालत नाही, बीडच्या पोराचा ट्रॅक्टर घातला की पोलंडच्या कुणाची पेरणीची मशीन बंद पडते, कोणता आधी चढवायचा आणि कोणता नंतर यात आठवडा जातो. तू बसून ते सगळं जुळवलंस. कुणाचं काय कुणाशी भांडतं ते शोधलंस, एकाच बटणावर चढेल असं केलंस, आणि पैठण गेटच्या सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर ते वाटलंस. काम सोपं नव्हतं. ते मला कळतं, कदाचित पुढं पेपरासाठी तुझी मुलाखत घेणाऱ्या वार्ताहरापेक्षा जास्त कळतं. पण चाळीस जणांच्या चाळीस फाइलींतून 'आधी हे वाचा' नावाचं जे जे होतं ते ते तू काढून टाकलंस, आणि शेवटी एक ओळ लिहिलीस, 'साभार : इंटरनेट'. हे इंटरनेट कुठल्या गावचं रे? त्याची माय त्याला चिंच इकडं घे, तिकडं घे म्हणून सांगते का?

मला आधी कळलंच नाही. कळलं ते शिव्यांवरून. माझ्या पानावर येऊन पोरं लिहायला लागली की बाई, तुमचा मॅप पॅकमध्ये टाकला की गेम बंद पडते. कसला पॅक ते मला माहीत नव्हतं. कुणी लिहिलं, विहिरीत पाणी नाही, बग आहे, दुरुस्त करा. बग म्हणे. मी त्या पोराला उत्तर दिलं की बाबा, तुझ्या तालुक्यात जाऊन बघ, हा बग सगळीकडं आहे. मग अशा तक्रारी एकदम बंद झाल्या. मला वाटलं, कंटाळले असतील. तू दुरुस्त केलं होतंस, हे मला सोमनाथच्या घरी कळलं.

अक्षय्यतृतीयेला गावी गेलो होतो. सोमनाथच्या पोरानं कॉम्प्युटर लावला आणि अण्णांना हाक मारली, आजोबा, तुमचं शेत बघा. मी भाकरी सोडून बाहेर आले. मॅप माझा, चिंच माझी, तीही जुन्या जागेवरची, मायनं चूक काढण्याआधीची. आणि विहीर काठोकाठ भरलेली. पोरानं गेममधला माणूस कठड्याशी नेला आणि खाली बघितलं तर पाण्यात कासव. सावकाश फिरून वर आलं आणि त्याच्या पाठीची उजवी कड तुटलेली होती. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, 'आरं, कासव हाय की. म्या म्हनलं नव्हतं का, जित्तं आसंल म्हून.' आणि हसले. जमीन गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. माय डोळ्याला पदर लावून आत गेली. मला काय झालं ते सांगते. इतका राग आला की मला तिथं उभं राहवेना. मॅप उचललास त्याचा तो राग नव्हता, मॅप तर मी वाटतच होते. टपरीवर तुझ्याजवळ ठेवलेली गोष्ट तू पेनड्राइव्हवर घालून गल्लोगल्ली वाटली होतीस. आणि किती नीट ऐकली होतीस, उजवी कड म्हणजे उजवीच. तू ती डावीकडं केली असतीस ना, तर मला कमी राग आला असता.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आले ते तुला आठवतच असेल. काकू चिवडा घेऊन आल्या आणि आपले चेहरे बघून ताटली ठेवून परत गेल्या. तू आधी म्हणालास, फुकट दिलं होतंस ना, मग कुणी कसंही घेतलं तर बिघडलं काय. मग म्हणालास, तू तरी गेमवाल्या कंपनीला विचारलं होतंस का. अरे, कंपनीनं दार उघडं ठेवलं होतं, या आणि बांधा असं लिहून ठेवलं होतं. मीही माझ्या दारावर लिहून ठेवलं होतं. तू वाचलं नाहीस असं म्हणायची सोय नाही, कारण फाइल काढून टाकायची तर ती आधी दिसावी लागते. मी विचारलं, मला एक फोन करायला काय झालं होतं. तेव्हा तू जे बोललास ते मी अजून चघळते आहे. म्हणालास, 'तू नाही म्हणाली असतीस.' म्हणून विचारलं नाहीस. म्हणजे माझं 'नाही' तुला माहीत होतं, फक्त ते माझ्या तोंडून नको होतं. आणि शेवटी, जरा मऊ होऊन म्हणालास, मोनिका, कोरडी विहीर बघायला कोण येतं गं. मी उठले.

मग मी तो पॅक उतरवायला लावला. ज्या साइटवर तू ठेवला होतास तिला पुराव्यांसकट लिहिलं, त्यांनी अख्खा पॅक काढला, मग जिथं जिथं त्याच्या नकला होत्या तिथंही लिहिलं. मी कामात पक्की आहे, तुला ठाऊक आहे. पोरांनी मला काय काय म्हटलं ते राहू दे, त्यात माझ्या जातीपासून लग्नापर्यंत सगळं आलं. बीडच्या ट्रॅक्टरवाल्याचा मेसेज आला की ताई, तुम्ही हे काय केलं, माझा ट्रॅक्टर या पॅकमुळंच लोकांनी चालवला असता. मी विचारलं, तू पॅकमध्ये आहेस हे तुला कधी कळलं. म्हणाला, आत्ताच, तुमच्यावरच्या शिव्या वाचून. तोवर तुझा फोटो पेपरात येऊन गेला होता, 'मराठवाड्याच्या मातीतली गेम घडवणारा तरुण' म्हणून, आणि ते कात्रण घेऊन तू पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत लागलास. चांगलं झालं. खरंच म्हणते, तुझ्यात ते होतं. फक्त त्या फोटोत तुझ्यामागच्या स्क्रीनवर आमची चिंच होती. आजही कुणी मला विचारलं की तेव्हा केलंस ते योग्य होतं का, तर मी व्हय म्हणेन.

आता इकडचं ऐक. शहर तुला ओळखू यायचं नाही. जालना रोडवर आपण जिथं बस धरायचो तिथं उड्डाणपूल आहे, विमानतळाच्या पुढंही इमारतीच इमारती, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तर नशीब. आमच्या सोसायटीत रोज टँकर येतो. अण्णा गॅलरीत बसून असायचे, टँकरचा आवाज आला की उठायचे आणि मला विचारायचे, आपली विहीर आटली का. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, शेत दाखवलं तर बरं वाटेल, म्हणून माझा मॅप उघडून समोर ठेवला. बांध ओळखला, चिंच ओळखली, खूश झाले. मग म्हणाले, विहिरीवर चल. मी माणूस कठड्याशी नेला. खाली तळ दिसला, मी इतक्या निगुतीनं भेगा पाडलेला गाळ दिसला, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. ती बातमी त्यांना त्या क्षणी कळली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळली. मॅप नाही उघडला तर उघड म्हणून मागं लागायचे, उघडला तर रोज त्यांची विहीर नव्यानं आटायची. मी जे खरं म्हणून सांभाळलं, ते माझ्या बापाला रोज एकदा मारत होतं.

होळी झाल्यावर एके दुपारी मी कामावर होते आणि माय खाली टँकरच्या रांगेत होती. अण्णांनी गॅलरीतला कपडे वाळत घालायचा दोर सोडला, एक टोक कठड्याच्या गजाला बांधलं, दुसरं कंबरेला, आणि एक पाय कठड्यापलीकडं टाकला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी बघितलं म्हणून, दार उघडंच होतं म्हणून, त्या धावत येऊन त्यांना मागून मिठी मारू शकल्या म्हणून हे पत्र या सुरात लिहिता येतंय. अण्णा त्यांच्यावर ओरडत होते, 'सोडा मला, खाली कासव मरायलंय.' प्लास्टिकचा दोर, सुयश. त्यानं एक बादलीसुद्धा पेलली नसती. तेव्हापासून गॅलरीला कुलूप आहे आणि माय किल्ली कमरेला लावून झोपते. कुलूप दिसलं की अण्णा दार बडवायचे. हात सुजेपर्यंत बडवायचे, आणि माय त्यांच्याशेजारी बसून रडायची.

मग मी विहीर भरली. दोन मिनिटांचं काम म्हटलं होतं ना, तेवढंच लागलं. त्यांना दाखवली. पाणी न्याहाळलं आणि मग विचारलं, 'ते कुठंय?' मी नेटवर कुणीतरी 'घ्या, वापरा' म्हणून फुकट ठेवलेलं कासव शोधून पाण्यात सोडलं. अण्णा पुढं वाकून बघत राहिले आणि म्हणाले, 'हे आपलं नाय.' माझं मी बनवायला बसले. गाड्यांचे पार्ट काढणारा हात माझा, त्याला एक कासव जमू नये? चार वेळा बनवलं, चारही वेळा नाय. मी शेवटचं ते कासव लहानपणी बघितलेलं, आणि त्यानंतर माझ्या डोक्यात आणि त्यांच्याही डोक्यात जे होतं ते तुझं होतं, सोमनाथच्या घरी बघितलेलं. जे खरं होतं ते धरणात गेलं आणि अण्णांच्या ध्यानात तू बनवलेलं राहिलं. मी सोमनाथला फोन केला. तो म्हणाला, तुझ्यामुळं सगळीकडून गेलं की ते, तरी बघतो. गेल्या आठवड्यात त्यानं माळ्यावरचा बंद पडलेला कॉम्प्युटर खाली काढला, दुरुस्तीवाल्याकडून डिस्क चालू करून घेतली, आणि तुझा पॅक मला आणून दिला. जसाच्या तसा. 'साभार : इंटरनेट'सकट.

तर पत्र लिहायचं कारण हे. तुझ्या पॅकमधून मी तुझं कासव काढलं आणि माझ्या मॅपमध्ये टाकलं. तुला न विचारता. विचारून उत्तर येईपर्यंत थांबायची माझ्यात ताकद नव्हती, आणि तू नाही म्हणशील अशी भीती होतीच, हे वाक्य कुठं ऐकल्यासारखं वाटलं तर वाटू दे. तुझ्यासारखंच केलं, पण एवढा फरक ठेवला आहे की सांगते आहे, आणि 'आधी हे वाचा'मध्ये लिहिलं आहे, 'कासव : सुयश'. हा मॅप आमच्या घराबाहेर जाणार नाही. अण्णा रोज दुपारी त्याच्यापुढं बसतात, कासव फिरून वर येतं, ते त्याच्याशी बोलतात, मग आपणहून जेवतात. गॅलरीच्या दाराकडं बघत नाहीत. पण काम तुझं आहे, आणि माझ्यासारखाच तुलाही ते काढायला लावायचा हक्क आहे. मी तुझी एक ओळ ऐकून घेतली नव्हती, तेव्हा तूही माझं ऐकून घ्यावंस असं म्हणणार नाही. काढ म्हणालास तर त्याच दिवशी काढीन, शब्द देते. फक्त दुपारी अण्णांनी 'ते कुठंय' म्हणून विचारलं की त्यांना काय सांगायचं, तेवढं त्याच पत्रात लिहून पाठव.

उत्तराची वाट बघणारी, आणि तुझ्यावरचा राग तसाच ठेवलेली
तुझीच
मोनिका